देवळातलं मदतकेंद्र

"मग ते येत का नाहीत, बाबा?"

पूर येऊन चौथा दिवस होता. मदतकेंद्रं कुठं उभारायची हे ठरवायला जिल्ह्याहून आलेली हेमांगी सबनीस शहानूर फकिराच्या पडवीत नकाशा पसरून बसली होती.

"जागा मी निवडलीय. देऊळ उंचावर आहे, कोरडं आहे, ट्रक थेट दारात जातो. कालपासून तिथं वाटपही सुरू केलंय. माळवाडी तिथून दहा मिनिटांवर. तरी वाडीतलं एक माणूस फिरकत नाही! तुमचा शब्द ते मोडत नाहीत. तुम्ही सांगा त्यांना."

फकीर उठला.

"तूच सांग. चल."

वाडीत ठकूबाई घरातला गाळ उपसत होती. हेमांगीनं तिलाच विचारलं.

"गाववाले आमाला देवळाच्या पायरीखाली उभं करत्यात," ठकूबाई म्हणाली. "वरनं पदरात टाकत्यात. नगं आमाला."

"घरात खायला काय आहे?"

"काय न्हाई."

"मी स्वतः तिथं उभी राहते. माझ्या हातानं देते."

ठकूबाईनं घमेलं खाली ठेवलं.

"आज तुमी हाय. पूर वसरल्यावर?"

हेमांगीनं नकाशा उलगडला. नद्या, ओढे, पूल, रस्ते... सगळं तिनं नकाशात नेमकं दाखवलं होतं. त्या पायऱ्या तेवढ्या नव्हत्या.

तिनं पेन काढलं. देवळावरची खूण खोडली आणि वाडीवर मारली.

दुपारी धान्याचा ट्रक वाडीत आला. त्याच्या मागोमाग मोटरसायकलवर सरपंच.

"बाई, आमचं गाव वाडीत पाय ठेवायचं नाही. सहाशे माणसं उपाशी राहतील. ते पाप तुमच्या माथी!"

"रांग एकच लागेल, सरपंच. आणि ती इथंच लागेल."

तिनं ट्रकचं मागचं दार उघडायला लावलं.

सरपंच तणतणत निघून गेले. मग मात्र तिनं फकिराकडे पाहिलं.

"बाबा... गाव खरंच आलं नाही तर?"

फकीर ठकूबाईबरोबर चुलीसाठी दगड मांडत होता. त्यानं मान वर केली नाही.

"पातेलं मोठं चढव, बेटी. वारा गावाकडं वाहतोय."