तव्यावरच्या पहिल्या भाकरीची कहाणी

ऐका चूलमाउली, तुमची कहाणी. चूल गेली, गॅसची शेगडी आली, तरी तुम्ही तिथंच बसला आहात. तेव्हा कान द्या.

आटपाट नगर होतं. तिथं रंगूनाना नावाचा म्हातारा होता. उठता बसता म्हणे, "अन्नाची पारख माझ्याइतकी पंचक्रोशीत कुणाला नाही." मग आपणच म्हणे, "चहा तेवढा उतू घालवतो, ते सोडा." शाळा लवकर सुटली होती, खोड्या सुटल्या नव्हत्या. त्याची बायको भागाबाई. मुलगा पुरुषोत्तम, मुलगी कुमुद. दोघं परगावी, आपापल्या संसारात.

एकदा काय झालं, सुट्ट्या जोडून आल्या. शुक्रवार, शनिवार, रविवार. मुलगा आला, मुलगी आली, नातवंडं आली. घर भरलं. जो तो म्हणे, आईच्या हातचं जेवायचं. मग आठवणी निघाल्या. तेव्हा रॉकेलचा एकच स्टो होता, तो फरफर करायचा. पाट एका ओळीत मांडायचे. फोडणीचा वास आला, की पाढे अर्धेच राहायचे. दुधाच्या पातेल्यातल्या खरवडीवरून बहीणभावांची झोंबी लागायची, नि नाना मधल्यामधे पातेलंच लपवायचा.

"कुठं सापडायचं, आठवतं?" कुमुद म्हणाली.

"देवघरात," पुरुषोत्तम म्हणाला. "वर म्हणायचे, बाळकृष्णानं नेलं असेल."

"मग? त्याच्या तोंडाला तरी लागलेलं असायचं," नाना म्हणाला. "तुम्ही शोधेस्तोवर मी थोडं लावून ठेवायचो. बाकीचं कुठं जायचं, ते विचारू नका."

सगळी हसली. भागाबाई आत भाकऱ्या थापत होती. ती आतूनच हसली.

मग पंगत बसली. इतक्यात दारात एक म्हातारी आली. कपाळभर कुंकू, बोटांना राख. म्हणाली, "बाळांनो, भूक लागली. या घरात सगळ्यांच्या मागून कोण जेवतं?"

"आई जेवते."

"मग तिला आवडतं ते मला वाढा."

पुरुषोत्तम उठला. आमटीभात वाढून नेला. म्हातारीनं बोट लावलं. "हे तिला आवडत नाही रे, हे तिला उरतं." नि तशीच उपाशी गेली. मग काय झालं? आमटीत मीठ होतं, चिंच होती, गूळ होता, पण आमटीची चव गेली.

शनिवारी पुन्हा पंगत, पुन्हा म्हातारी. कुमुद उठली. पुरणपोळी नेली, वर तुपाची धार धरली. म्हातारीनं बोट लावलं. "हे तुला आवडतं ग. म्हणून ती करते." नि गेली. पुरणाची चव गेली. नातवंडं म्हणाली, बाहेरून मागवू. मागवलं. तेही भुशासारखं लागलं.

मग नाना शेगडीशी भागाबाईकडे गेला. "तुला काय आवडतं ग?"

"मला सगळं आवडतं."

"सगळं म्हणजे काय?"

"असेल ते. सरका तिकडं, तवा तापलाय."

नाना सरकला. एरवी जिभेवर थट्टा तयार असायची, आज ती येईना. उद्या संध्याकाळी पोरं निघणार. घरची चव न घेताच निघणार. सुट्ट्या पुन्हा जोडून येतील, पण आपण कोण कुठं असू, कुणी सांगावं?

रविवार उजाडला. नाना सैपाकघरात पाट टाकून बसला. भागाबाई म्हणाली, "हे काय नवीन?" नाना म्हणाला, "पारख करतोय." मग बघत राहिला. भाकरी थापली, तव्यावर टाकली, पाणी फिरवलं. मग ती फुगली. भागाबाईनं उतरवली, क्षणभर नाकाशी धरली, डोळे मिटले, नि टोपल्यात टाकली. दुसरी फुगली, नाकाशी धरली, टोपल्यात टाकली. तिसरीचंही तेच. टोपलं बाहेर गेलं. आयुष्यभर तिनं भाकऱ्या केल्या, खाल्ल्या त्या गारच.

नाना उठला. "ऊठ भागे. पाटावर बस."

"पंगत व्हायचीय."

"होईल. बस."

तिला बसवलं. नानानं पीठ मळलं. पहिली भाकरी हातातच मोडली. दुसरी करपली. नातवंडं दारात जमली, कुमुद तोंडाला पदर लावून हसू लागली. तिसरी एका बाजूनं फुगली, दुसरी बाजू रुसून बसली. नानानं ती तव्यावरून थेट ताटात टाकली. वर तेल घातलं, मीठ घातलं.

इतक्यात दारात हाक आली. "बाळांनो, भूक लागली."

"आजी, थांबा जरा," नाना म्हणाला. "आधी हिचं होऊ दे."

भागाबाईनं पापुद्रा सोडवला. वाफ आली. तिनं घास घेतला. डोळे भरले. म्हणाली, "वाफेनं आलं पाणी."

दाराशी बघतात तो म्हातारी नाही. उंबऱ्यावर राखेची पाच बोटं. आमटीला चव आली, पुरणाला चव आली. सगळी एका ओळीत बसली, भागाबाई मधे. पोट भरलं तरी कुणी उठेना. पुरुषोत्तम नि कुमुद, डोक्यांत पांढरे केस, खरवडीवरून भांडली. बघतात तर पातेलं नाही. नानाही जागेवर नाही.

हा वसा कधी घ्यावा? सुट्ट्या जोडून आल्या, की घ्यावा. काय करावं? जी रांधते तिला पहिली भाकरी गरम वाढावी. उतू नये, मातू नये, घेतला घास टाकू नये.

देवघरातून नाना आला, मिशीला साय. हात जोडून म्हणाला, "जशी चूलमाउली या घराला पावली, तशी तुम्हां आम्हां पावो. बत्तीस घासांची कहाणी पाचां घासीं सुफळ संपूर्ण."

भागाबाई म्हणाली, "सुफळ झाली, कबूल. संपूर्ण कसली? भांडी कोण घासणार?"