सन्मतीचा हलका क्लच

"मग क्लच हलका करून माझं चुकलं काय, ते तरी सांगा उस्ताद."

सन्मती चौगुलेनं हे त्या सकाळी तिसऱ्यांदा विचारलं. दस्तगीर उस्ताद फडक्यानं बोटं पुसत होते.

बोटं पुसायला त्यांना वेळ लागतो... विचारणाऱ्याला तो जास्तच वाटतो.

मी उद्यमनगरात त्यांच्या शेजारच्या गाळ्यातला लेथवाला. पार्ट मी बनवायचा आणि गाडीत त्यांनी बसवायचा, असं आमचं तीस वर्षं चाललंय. रेसच्या जुन्या गाड्या जपणारे कोल्हापूरकर कधी ना कधी आमच्या दारात येतातच. पण त्या सकाळी माझं डोकं आधीच तापलेलं होतं. कारण सांगतो.

सन्मती हा उस्तादांचाच चेला. हात चांगला, कान त्याहून चांगला, पण बूड एका जागी टेकेल तर शपथ. गाडी इंगवले अण्णांची, बासष्ट सालची साडेतीनशे सीसीची मोटारसायकल. जुन्या गाड्यांच्या शर्यतीत ती हाच पळवायचा.

तिचा जुना क्लच म्हणजे नुसता धोंडा. दाबला की मनगट भरून यायचं. म्हणून या गड्यानं परदेशातून हलका क्लच मागवला. प्लेटा धरणारं ॲल्युमिनियमचं भांडं, पातळ प्लेटा, नरम स्प्रिंगा. दोन बोटांत दाबला जायचा. महिनाभर हा सगळ्या गावाला दोन बोटं दाखवत हिंडला.

आणि लागोपाठ दोन शर्यती हातच्या गेल्या. दोन्ही वेळा क्लच पुरता दाबलेला असताना, झेंडा पडायच्या आधीच गाडी रेषेपुढं सरकली. सरकली की बाद.

रविवारी तिसरी शर्यत होती. अण्णांनी तोंडावर सांगितलं होतं, या खेपेला बाद झालास तर गाडी दुसऱ्याला देणार. त्या गाडीवर सन्मतीचा जीव. चार दिवसांत गालफडं बसली होती त्याची. उभा राहिला की पाय हलायचा, बसला की गुडघा.

त्याचं म्हणणं, बाहेरच्या मालानं दगा दिला, प्लेटा बदला. ते नाही म्हणाल तर भांडंच बदला. वर, उस्तादांना नवीन काही बघवत नाही, असा टोमणाही मारून झाला.

उस्तादांनी क्लचचं झाकण काढलं. प्लेटांकडं बघितलंसुद्धा नाही. आतली सळई तेवढी ओढून काढली.

लिव्हर दाबला की ही सळई आतून ढकलते आणि प्लेटा एकमेकींपासून सुटतात. सळईचं काम एवढंच. तिचं टोक जळून निळं पडलं होतं, आणि सळई आखूड झाली होती. आखूड सळई प्लेटा पुऱ्या सोडवत नाही, मग गाडी सरकणारच.

माझं डोकं तापलं होतं ते या सळईपायी. जी सळई वीस-वीस वर्षं टिकते, ती महिन्याभरात मी तिसऱ्यांदा करून आणली होती. आणि मिस्त्रीनं, म्हणजे मी, लोखंड तापवून कडक करताना पाणी नीट दिलं नाही, असं हा चहाच्या गाड्यावर बोलल्याचं माझ्या कानावर आलं होतं.

उस्तादांनी निळं टोक माझ्यापुढं धरलं. "मिस्त्री, पाणी बरोबर हाय?"

"माझ्या बापानं दिलं असतं, तर एवढंच दिलं असतं."

त्यांनी मान हलवली. नवी सळई घातली, झाकण लावलं आणि सन्मतीला म्हणाले, "बस गाडीवर. मी फडकं टाकलं की सूट."

गाळ्यापुढचा रस्ता सकाळचा मोकळा होता. उस्ताद गाडीपुढं दहा पावलांवर जाऊन उभे राहिले. फडकं वर धरलं.

सन्मतीनं किक मारली, क्लच दाबला, पहिला गिअर टाकला आणि टाकीवर आडवा झाला.

उस्ताद उभे...

फाउंड्रीतला बंडू कांबळे सायकलवरून चालला होता. त्याला थांबवून उस्तादांनी त्याच्या सुनेची चौकशी केली. मुलगी झाली म्हणाला. नाव काय ठेवणार, तेही विचारलं. फडकं वरच.

सन्मतीचा डावा हात आवळलेला तो आवळलेलाच. उजवा ॲक्सिलेटर पिळत होता. इंजिन बोंबलत होतं, आणि आजूबाजूचे गाळेवाले बाहेर येऊन बघायला लागले.

"उस्ताद, टाका की."

उस्तादांनी हात बदलला... फडकं वरच.

माझ्या हातातलं काम तसंच राहिलं. चार मिनिटं झाली असतील, नाहीतर पाच. करपल्याचा वास यायला लागला.

मग गाडी सरकली. आधी बोटभर, मग वीतभर, मग पुरी दहा पावलं. क्लच पुरता दाबलेला आणि गाडी आपली चाललीच. सन्मतीनं ब्रेक मारला तेव्हा पुढचं चाक उस्तादांच्या चपलेला टेकलं होतं. उस्ताद जागचे हलले नव्हते.

त्यांनी इंजिन बंद करायला लावलं. कडेला बसले, आणि साधंच विचारलं, की जुना क्लच होता तेव्हा रेषेवर काय करत होतास?

सन्मती म्हणाला, जुना क्लच एवढा वेळ दाबून धरणार कोण, हात मोडला असता. गाडी न्यूट्रलला ठेवायची. झेंडेवाल्यानं हात वर नेला की तेव्हा कुठं क्लच दाबून गिअर टाकायचा, त्यामुळं...

तिथंच त्याचं बोलणं थांबलं.

तो आपल्या डाव्या हाताकडं बघत बसला. मला वाटलं, आता माझी माफी मागेल. त्याला मी दिसतच नव्हतो.

"कळलं," तो म्हणाला. "क्लच दाबून बसलो की सळईचं टोक आत घासत राहतं. सळई मीच जाळली. मिस्त्रींची चूक नाही, कंपनीची नाही. पण मला थांबवत नाही, उस्ताद. रेषेवर न्यूट्रलला बसलो की वाटतं, सगळे गेले, मीच राहिलो."

उस्ताद फडक्याची घडी घालत राहिले.

मग त्यानंच तोड काढली. म्हणाला, हा क्लच काढून टाका आणि जुना बसवा. हात दुखला की झक मारत थांबीन.

मला पटलं. जुना क्लच माझ्याच फळीवर पडला होता. मी उठलोसुद्धा.

उस्तादांनी मला हातानं खाली बसवलं.

"क्लच चांगला हाय. ऱ्हाऊ दे."

"मग रविवारी मी करू काय?"

उस्ताद उठले, गाडीपाशी गेले आणि टाचेनं गिअर न्यूट्रलला आणला. गाडी मागं ढकलत आधीच्या जागी नेली. स्वतः पुन्हा दहा पावलं पुढं गेले आणि फडकं वर धरलं.

"एक सांग मला," ते म्हणाले. "झेंडा पडायच्या आधी कुठं जायचं असतंय रं तुला?"