साळूबाईने मरण अडवले

प्रवरेच्या काठी खडकवेस नावाचे लहानसे गाव होते. ख्रिस्ती धर्मोपदेशक सायमनबाबा तेथे येऊन राहिले तेव्हा प्रभूच्या मंडळीत जेमतेम अकरा घरे होती. बाबा दिवसभर लोकांबरोबर शेतात राबत आणि संध्याकाळी लिंबाखाली प्रार्थना चालवीत.

त्या प्रार्थनेला मोळ्या विकणारी साळूबाई येऊन बसे. दुष्काळात तिचा नवरा आणि दोन मुली गेल्या होत्या. एकदा धीर करून तिने विचारले, "बाबा, कधी न संपणारं जीवन देव देतो म्हणता. ते माझ्यासारखीला मिळंल का?"

"मागितलंस ना? मग मिळालं," बाबा म्हणाले. "ते मेल्यावर सुरू होत नाही, साळूबाई. विश्वास ठेवलास त्या घडीलाच सुरू झालं. आता मरणाला भ्यायचं नाही."

हे शब्द तिने मनात घट्ट धरले.

पण बाप्तिस्म्याआधी धर्माची प्रश्नोत्तरे घेण्याचे काम शाळेच्या शांतवन मास्तरांकडे होते. माणूस विद्वान, पण तेवढाच ताठ. चार वेळा त्यांनी तिला परत पाठवले. चौथ्या वेळी तर सगळ्यांसमोर म्हणाले, "जिला स्वतःचं नाव वाचता येत नाही, तिचं नाव स्वर्गातल्या वहीत कोण लिहिणार?"

लोक हसले. साळूबाई जागची हलली नाही.

"लिहिणारे तुम्ही नाय, मास्तर," ती म्हणाली. "म्हणून मला काळजी नाय."

त्याच वर्षी प्लेग आला. घरोघर उंदीर मरून पडू लागले, तसे लोक माळावर झोपड्या घालून राहिले. मास्तरांच्या काखेत गाठ उठली. त्यांचे सख्खे भाऊ त्यांना घरात तसेच टाकून निघून गेले. बाबा त्या वेळी पलीकडच्या गावात आजाऱ्यांची सेवा करीत होते.

साळूबाईने पाण्याचे मडके डोक्यावर घेतले आणि ती गावाकडे निघाली. वेशीपाशी लोक आडवे आले. "मरशील, बाई. तो तुझा कोण लागतो?"

"मरू दे की," ती म्हणाली. "माझं जगणं संपायचं नाय, असं मीच सांगत फिरते. आता भिऊन देवाला खोटं पाडू?"

तीन दिवस तिने मास्तरांना पाणी पाजले, गाठ शेकली, अंग पुसले. चौथ्या दिवशी दुपारी त्यांचा श्वास थांबला. तोंडाला फडकी बांधून चार माणसे बाज घेऊन आली. साळूबाई दारात उभी राहिली.

"हात लावायचा नाय."

"अगं, तो गेलाय."

"असं तुम्ही म्हणता. प्रभूनं मला अजून सांगितलं नाय."

एवढ्यात धुळीने भरलेल्या पायांनी बाबा आले. त्यांनी कोणाला काही विचारले नाही. मास्तरांच्या उशाशी गुडघे टेकून ते म्हणाले, "साळूबाई, तूच माग. मी आमेन म्हणतो."

ती त्यांच्या शेजारी बसली. "प्रभू, ह्यानं माझं हसं केलं ते मी सोडलं. तूबी सोड. पण ह्याला मरणाच्या हाती द्यायचा नाय."

"आमेन," बाबा म्हणाले.

मास्तरांची छाती एकदम वर उचलली गेली. त्यांनी डोळे उघडले आणि क्षीण आवाजात विचारले, "वाचणं का थांबवलं?"

"कसलं वाचणं?"

"तीन दिवस कोणी बाई माझ्या कानाशी प्रभूची वचने वाचत होती. एक अक्षर चुकलं नाही."

बाज घेऊन आलेली माणसे एकमेकांकडे पाहू लागली. पवित्र शास्त्र तर शाळेच्या पेटीत कुलपात होते, आणि घरात साळूबाईवाचून दुसरे कोणी नव्हते. तीच घाबरली. "बाबा, मी नुसतं म्हणत होते, प्रभू, ह्याला सोडू नको."

"तू तेवढंच म्हणालीस," बाबा म्हणाले. "बाकीचं ज्याचं वचन, त्यानंच वाचलं."

महिन्याने नदीवर साळूबाईचा बाप्तिस्मा झाला. मास्तर काठी टेकत आले होते. "काही विचारायचं आहे का, मास्तर?" बाबांनी त्यांना विचारले.

मास्तरांनी काठी टाकली आणि पाण्यातून बाहेर आलेल्या साळूबाईच्या पायांवर डोके ठेवले. "साळूबाई, मरणाला भ्यायचं नाही ते कसं, एवढं मला शिकवाल का?"

तिने झटकन पाय मागे घेतले. "मला नाय, मास्तर. देवाला विचारा."

तेव्हा मास्तर वळले आणि ओल्या वाळूत त्यांनी गुडघे टेकले. साळूबाई त्यांच्या शेजारी बसली आणि प्रार्थनेला तिनेच सुरुवात केली.