दरवाजा आणि कुमुद

"तिलाच का, चाचा?"

विचारल्यावर भालचंद्राला स्वतःचाच आवाज आवडला नाही.

जहूरचाचा टपरीच्या बाकड्यावर बसून बशीत चहा ओतत होते. पौषातली सकाळ. बावन्न दरवाज्यांच्या त्या शहरात धुकं अजून गल्लीबोळांतून उठलं नव्हतं. रस्त्यापलीकडे जुना दरवाजा ओल्या दगडांनिशी उभा होता.

"तिला काय?"

"तुमचा कॅमेरा."

चाचांनी उभी हयात शहरातल्या दरवाज्यांचे फोटो काढण्यात घालवली होती. आता त्यांना लांबचं दिसेना. त्यांचा रिळाचा कॅमेरा ज्याच्या गळ्यात जाईल, त्यानं उरलेलं काम पुरं करायचं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. तो आपल्याच गळ्यात येणार, हे भालचंद्र धरूनच चालला होता. चाचांची पिशवी आजवर त्यानंच वाहिली होती.

आणि आज फिरायला निघताना चाचांनी कॅमेऱ्याचा पट्टा कुमुदच्या गळ्यात घातला. दसऱ्यानंतर शिकायला आलेल्या कुमुदच्या.

"आजच्यापुरता दिलाय," चाचा म्हणाले. "कायमचा कुणाला द्यायचा ते ठरायचंय."

"ठरायचंय…?"

"तुझं काय म्हणणं, भालूमियाँ?"

"तिला उजेडाचा अंदाज नाही."

"खरंय."

"कमान बघायची सोडून दगडांना हात लावत बसते. आज तर चप्पल काढून उंबऱ्यावर उभी होती."

"तेही खरं." चाचांनी चहाचा घोट घेतला. "बरंच लक्ष आहे तुझं तिच्यावर."

भालचंद्रानं आपला चहा न पिताच बाजूला ठेवला.

चाचांनी बशी ठेवली, हात पुढे केला. "दाखव. तू आज काय काढलंस?"

भालचंद्रानं आपला कॅमेरा सुरू करून दिला. चाचांनी तो नाकाशी नेला.

"कमानीचा डावा खांब अर्धाच?"

"तिथं कुमुद होती. फोटोत आली असती."

"हां… अन् इथं वरचा सज्जा आहे, खालचा उंबरा नाही."

"उंबऱ्यावर तीच होती ना."

"अन् हा? एवढा थोरला दरवाजा कोपऱ्यात कोंबलास?"

"समोरून ती चालत येत होती…"

चाचा एकेक फोटो पुढे सरकवत राहिले. ते काही बोलत नव्हते, म्हणून भालचंद्रालाच बोलावं लागलं.

"ती एकाही फोटोत नाही, चाचा. बघा हवं तर. मी नीट सांभाळून घेतलंय."

"नाही खरी." चाचांनी कॅमेरा त्याला परत दिला. "दरवाजाही नाही."

भालचंद्रानं पडद्याकडे पाहिलं. मागचा फोटो. त्याच्या मागचा. त्याच्याही मागचा…

चहावर साय धरली.

तेवढ्यात कुमुद रस्ता ओलांडून आली. थंडीनं तिचं नाक लाल झालं होतं. तिनं गळ्यातला पट्टा काढून कॅमेरा चाचांपुढे धरला.

"घ्या चाचा. रिळात शेवटचा एक फोटो उरलाय. मला काही सुचेना."

चाचांनी तो घेतला नाही. नुसती हनुवटी भालचंद्राकडे वळवली.

कुमुदनं कॅमेरा त्याच्या हातात दिला. "जड आहे हो, भाऊ. मान अवघडली माझी."

तो खरंच जड होता. भालचंद्र उठला, रस्त्याच्या कडेला गेला. कॅमेऱ्यातून पाहिलं. धुकं विरळ झालं होतं. दोन्ही खांब, सज्जा, उंबरा… सगळं दिसत होतं.

कुमुद आपली चप्पल आणायला पुन्हा पलीकडे गेली होती. कमानीखाली वाकली होती. त्यानं कॅमेरा उचललेला पाहिला तशी ती लगबगीनं सरळ झाली.

"थांबा भाऊ, बाजूला होते," ती तिथूनच म्हणाली. "रोज तुमच्या मधे येते मी."

भालचंद्राचं बोट खटक्यावर तसंच राहिलं.

बाकड्यावरून चाचांचा आवाज आला.

"उभी राहा तिथंच, बेटा. दरवाजा केवढा आहे, ते कळू दे त्याला."