काढलेला स्टार्टर

"म्हणजे तुम्ही परत येणारच नाही, महाराज?"

"नर्मदेकाठी राहायला चाललोय. फिरायला नव्हे," केशवनाथ म्हणाले. पहाटे निघायचं म्हणून ते झोळी भरत होते. तीत दोन पंचे होते, बाकी काही नव्हतं.

"आणि उद्याचं निरूपण?"

"तू करायचंस."

विश्राम गप्प झाला.

एरवी तो गप्प बसणाऱ्यातला नव्हता. मठात येण्याआधी तो विजेच्या खात्यात इंजिनिअर होता. इथेही कुणी साधा बल्ब बदलला, तरी त्याला व्होल्टेज समजावून सांगितल्याशिवाय सोडत नसे. निरूपणही झकास करी. फक्त शेजारी महाराज बसलेले लागत. मागे एकदा महाराज तापाने पडले, तर गड्याच्या तोंडून शब्द फुटेना. शेवटी आरती उरकून त्याने जमलेल्या लोकांना घरी पाठवलं होतं.

"मला नाही जमणार," तो म्हणाला. "तुम्ही असता म्हणून सुचतं. तुम्ही गेलात की मी विझलो. चार दिवसांत मठ ओस पडेल."

महाराजांनी झोळी बाजूला ठेवली.

दिवेलागणीची वेळ झाली होती. त्यांनी उठून मंडपातल्या ट्यूबलाइटचं बटण दाबलं. ट्यूब टोकांशी जराशी लालसर व्हायची आणि पुन्हा विझायची.

"हिला काय झालं रे?"

विश्रामला जरा बरं वाटलं. निदान हा प्रश्न त्याच्या हातातला होता. स्टुलावर चढून त्याने पट्टीतला स्टार्टर घट्ट फिरवला. ट्यूब लखकन पेटली.

"स्टार्टर सैल होता, महाराज."

"एवढीशी डबी. ती करते तरी काय?"

"ट्यूबच्या दोन्ही टोकांना आत तारा असतात, त्या तापवते. मग आपण होऊन मधून बाजूला होते. त्या क्षणी चोक एक जोराचा झटका देतो, आणि ट्यूबमधल्या वायूतून वीज वाहायला लागते. वाहायला लागली की झालं. उजेड."

"उतर खाली."

विश्राम उतरला. ऐंशीच्या घरातले महाराज धोतर सावरत स्टुलावर चढले. त्यांनी स्टार्टर चिमटीत धरला.

"काढू?"

"काढा की. काही होत नाही. एकदा पेटल्यावर तिला त्याची..."

तो थांबला.

महाराजांनी स्टार्टर फिरवून बाहेर काढला. मंडपात उजेड होता तसाच राहिला.

...

विश्राम वर बघत राहिला. असे शेकडो स्टार्टर त्याने काढले होते, घातले होते. त्याला इतकं हलकं वाटलं की तो तिथेच फरशीवर बसून हसायला लागला. महाराजही हसले. विश्राम उठला, आणि उतरताना त्यांनी त्याच्याच खांद्याचा आधार घेतला.

उद्या काय बोलायचं ते त्याला आताच सुचायला लागलं होतं. पण इंजिनिअर तो इंजिनिअरच.

"एक राहिलंच, महाराज," तो म्हणाला. "मधेच वीज गेली तर?"

महाराज झोळीचं तोंड बांधत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"ती मी कधी देत होतो?"