भात संपल्यावर आलेले वरण

विषय : घरगुती ब्रॉडबँड जोडणीतील चंचल विलंब आणि त्यापायी एका सालस खेळाडूची झालेली बेअब्रू.

संदर्भ : सदर खेळाडूच्या तोंडी व लेखी तक्रारी, ज्यांची दखल घेतल्याचे प्रत्येक वेळी तत्परतेने कळवण्यात आले आहे.

उपरोक्त विषयी हकीकत अशी की, एकदा एक शिष्य एका वृद्ध गुरूंकडे तर्कशास्त्र शिकत असे. सकाळी तर्कशास्त्र आणि संध्याकाळी ऑनलाइन खेळ असा त्याचा दिनक्रम होता, आणि दोन्ही विद्यांत त्याची प्रगती बरी होती. खेळ गढी राखण्याचा. नगरातल्या आपापल्या घरी बसलेल्या सवंगड्यांनी मिळून पडद्यावरची एक गढी लढवायची, आणि समोरच्या टोळीने ती जिंकायला यायचे. शिष्याकडे उत्तरेचा बुरूज होता. त्या बुरुजावर कोण बसणार हा प्रश्न त्या मंडळींत, देवळाच्या विश्वस्त मंडळावर कोण बसणार याइतकाच, मानाचा समजला जाई.

पुढे शिष्याचा नेम चुकू लागला. शत्रू समोर दिसे, शिष्य बटण दाबी, पडदा क्षणभर थिजे, आणि पुन्हा हलू लागे तेव्हा शत्रू त्याच्या पाठीमागे उभा असे. एकदा तर तो धावत भिंतीआड गेला, सुखरूप बसला, त्याने हुश्श केले आणि मग तो मेला. गोळी म्हणे भिंतीबाहेर असतानाच लागली होती. बातमी तेवढी मागाहून आली. आपला हुकूम दूरच्या यंत्राकडे जाऊन जबाब घेऊन परतेपर्यंत जो वेळ जातो, त्याला खेळणारे पिंग म्हणतात. शिष्याचा पिंग कधी हरणासारखा पळे, कधी म्हशीसारखा भर रस्त्यात बसकण मारी, आणि पुढच्या क्षणी हरीण येणार की म्हैस, हे ब्रह्मदेवालाही सांगता आले नसते.

संघाची कर्णधार एक फटकळ मुलगी होती. ती म्हणाली, "तुझा हात जड झालाय रे. का घाबरतोस हल्ली?"

"अगं, लाइन खराब आहे."

"हरणाऱ्या प्रत्येकाची लाइन खराबच असते. जिंकल्यावर कुणी लाइनला हार घातलेला पाहिलायस? रविवारी निवडीचा सामना आहे. तिथंही असंच झालं, तर बुरूज दुसऱ्याला देणार. मग रुसायचं नाही."

शिष्याने जोडणी पुरवणाऱ्या व्यापाऱ्याच्या मदतकेंद्राला फोन लावला. हा व्यापारी नगरात फार मोठा. चौकाचौकांत त्याचे फलक, फलकावर धावता चित्ता, आणि चित्त्याखाली हात जोडलेला स्वतः व्यापारी. मदतकेंद्रातून मंजुळ आवाज आला, "राउटर बंद करून पुन्हा चालू करा."

"केला."

"पुन्हा एकदा करा."

"पुन्हा केला."

"आम्हाला इथून आपला वेग उत्तम दिसतो आहे. आणखी काही सेवा करू शकतो का?"

त्या 'आणखी'ने शिष्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण याहून वाईट गोष्ट पुढेच होती. वेग उत्तम, फलक उत्तम, चित्ता उत्तम, मग वाईट काय? उरतो तो मीच. शिष्य आपल्या बोटांकडे पाहू लागला. चहाचा कप उचलताना हात कापतो का, ते निरखू लागला. ज्याचा अपराध नाही त्यालाच अपराधी वाटावे, ही किमया मोठमोठ्या न्यायाधीशांनाही साधत नाही; ती एका मंजुळ आवाजाने साधली होती.

अखेर तो गुरूंकडे गेला आणि त्याने सर्व सांगितले. गुरूंनी खेळाला नाक मुरडले नाही. त्यांनी एवढेच विचारले, "ते राउटरचं यंत्र घरात कुठं ठेवलंय?"

"शोकेसमध्ये, गुरुजी."

"काचेच्या?"

"हो. पितळी घंगाळाच्या मागे."

"आणि वर काय झाकलंय?"

शिष्य ओशाळला. "आईनं विणलेला क्रोशाचा रुमाल. धूळ बसते ना. शिवाय दिवे लुकलुकतात ते पाहुण्यांसमोर बरं दिसत नाही, असं तिचं म्हणणं."

"म्हणजे देवाला मखरात बसवलं, वर पडदा ओढला आणि आता दर्शन होत नाही म्हणून ओरडतोस. बाळ, दुसऱ्याच्या दारात भांडायला जाण्यापूर्वी आपलं अंगण झाडावं. यंत्र बाहेर काढ. तार थेट संगणकाला जोड. खेळताना घरात दुसऱ्या कुणाचा सिनेमा उतरत असेल तर थांबव. मग ये."

शिष्याने तसे केले. आईने घंगाळाच्या मागच्या रिकाम्या जागेकडे हळहळून पाहिले. भावाने अर्धा उतरलेला सिनेमा थांबवला आणि त्याबद्दल घरात दोन दिवस अबोला धरला. निम्मे दुखणे पळाले. मात्र उरलेले निम्मे जागचे हलले नाही. घरात एक यंत्र, एक तार आणि एक संगणक याखेरीज काहीही चालू नसताना म्हैस पूर्वीसारखीच रस्त्यात बसत होती.

"आता तुझ्या म्हणण्याला पाया आला," गुरू म्हणाले. "आधी ती नुसती किरकिर होती. अर्ज लिहून ठेव. मी शेठजींना जेवायला बोलावतो."

गुरूंचा नगरात मान होता आणि व्यापारी अट्टल खवय्या होता, तेव्हा आमंत्रण तत्काळ स्वीकारले गेले. गुरुपत्नींना शिष्य माई म्हणत असे. माईंनी पहाटेपासून स्वयंपाक मांडला. पण पाट मांडण्यापूर्वी गुरूंनी शिष्याला माजघरात बोलावले आणि विलक्षण आज्ञा केली. "आज तू वाढायचंस. मी मान हलवीन तेव्हाच, आणि जेवढं मी खुणावीन तेवढंच. तोवर शेठजी काहीही म्हणोत, 'आलो, आलो' एवढंच बोलायचं. आणि गोड आवाजात."

माईंच्या कानावर हे पडले. "अहो, हे काय चालवलंय? माझ्या हातचं पान आजवर कुणी अडखळत जेवलं नाही. नगरात तोंड दाखवायला जागा राहील का?"

"आजचा एक दिवस," गुरू म्हणाले. शिष्यालाही काही उमगेना. ज्याच्याकडून काम करून घ्यायचे त्यालाच उपाशी ठेवून छळायचे, हे कुठल्या तर्कशास्त्रात बसते?

व्यापारी आला. गुरूंनी त्याला प्रथम स्वयंपाकघराच्या दारात नेले. भाताचे पातेले, वरण, तुपाची लोटी, चळतभर पुरणपोळ्या, कटाची आमटी, बटाट्याची भाजी, कोशिंबीर, मठ्ठा. "हे सगळं आपल्यासाठी."

"वा, गुरुजी! याला म्हणतात व्यवस्था," व्यापारी म्हणाला आणि प्रसन्न मनाने पाटावर बसला.

केळीच्या पानावर भाताची मूद पडली. व्यापाऱ्याने वरणासाठी मुदीत खळगा केला आणि वर पाहिले. गुरू डोळे अर्धे मिटून बसले होते. "अहो, वरण," व्यापारी म्हणाला.

"आलो, आलो," शिष्य गोड आवाजात म्हणाला आणि जागचा हलला नाही. भात निवला. व्यापाऱ्याने थोडी वाट पाहिली, मग मिठाला लावून कोरडाच भात संपवला. शेवटचे शीत तोंडात गेले आणि गुरूंची मान हलली. रिकाम्या पानावर ओगराळेभर वरण पडले. केळीच्या पानाला काठ नसतो. वरण थेट शेठजींच्या रेशमी मांडीकडे निघाले, आणि शेठजींनी दोन्ही हातांचा बांध घालून ते कसेबसे अडवले.

पुढच्या वेळी व्यापारी सावध झाला. पोळी येताच तो आमटीसाठी थांबून राहिला. या खेपेस आमटी क्षणात आली, पाठोपाठ भाजी आली, तूप आले, सारे विजेच्या वेगाने. व्यापाऱ्याचा चेहरा खुलला. आता जमले, असे म्हणून त्याने दुसरी पोळी मागितली. दुसरी पोळी येईना. तूप थिजले, आमटीवर साय धरली. मग चार पोळ्या एकदम येऊन एकमेकींवर आपटल्या. त्याने घाईने मोठा घास घेतला आणि त्याला ठसका लागला. "पाणी!"

"आलो, आलो."

ठसका आपला आपण थांबला, डोळ्यांतले पाणी पुसून झाले, आणि मग पाण्याचे तांबे एकामागून एक असे आले की पाटाभोवती पाणपोई झाली. माजघरात माईंनी कपाळाला हात लावला.

व्यापारी आता घास हातात धरून शिष्याच्या पायांकडे पाहत बसला. पाऊल हलले की घाईने खाई, थांबले की घास परत ठेवी. शेवटी तो खालमानेने म्हणाला, "गुरुजी, क्षमा करा. माझंच काहीतरी चुकतंय. इथल्या पद्धतीची मला सवय नाही."

हे ऐकताच शिष्याच्या हातातली पळी थबकली. हे वाक्य त्याच्या ओळखीचे होते.

गुरूंनी डोळे उघडले. "शेठजी, दारात दाखवलेल्यांपैकी कुठला पदार्थ पानात यायचा राहिला?"

"नाही, आलं सगळंच."

"कमी आलं?"

"उलट जास्तच आलं. पण गुरुजी, स्पष्ट बोलतो, मी उपाशी आहे. भात होता तेव्हा वरण नाही, वरण आलं तेव्हा भात नाही. ही काय वाढायची रीत झाली?" आता तो खरोखर संतापला होता. "घरी बोलावून थट्टा करता?"

"ही आपलीच रीत, शेठजी," गुरू शांतपणे म्हणाले. "या मुलाच्या घरी आपण रोज असंच वाढता. तो ओरडला की आपली माणसं पातेलं दाखवतात आणि म्हणतात, भरलेलं आहे. पातेलं भरलेलं आहे याबद्दल त्याचं भांडण कधीच नव्हतं. माझ्या घरी प्रत्येक घास सारखाच उशिरा आला असता, तर चार घासांत आपण ती लय धरली असती. हळू वाढणाऱ्या घरीही माणूस पोटभर जेवतो. पण कधी लगेच आणि कधी केव्हाच नाही, याला लय धरणार कशी? उशीर सोसता येतो, शेठजी, लहरीपणा सोसता येत नाही. आणि त्यातलं पाप कुठलं, तर वाढपी चुकतो आणि क्षमा पाहुणा मागतो. आपण आत्ता मागितलीत. हा मुलगा कित्येक दिवस स्वतःचीच बोटं तपासतोय."

व्यापाऱ्याने पानाकडे पाहिले, मग शिष्याच्या बोटांकडे. "मुद्दा पटला," तो हळूच म्हणाला. "अगदी मनापासून पटला. अर्ज द्या."

शिष्याने अर्ज दिला. तो खिशात जातो न जातो तोच माई पदर खोचून बाहेर आल्या. "झाला का तुमचा दृष्टांत? शेठ, उठू नका. पान बदलते. आता मी वाढते." आणि त्या वाढू लागल्या. त्यांनी घाई केली नाही की पानाकडे टक लावली नाही. भाताबरोबर वरण आले, वरणावर तूप आले, आणि पोळीचा शेवटचा तुकडा उचलावा तो दुसरी पोळी शेजारी असे. व्यापारी मान खाली घालून जेवला. वाटीत आमटी ओतणाऱ्या त्या संथ हाताकडे शिष्य पाहत राहिला. आपल्या हातात काही बिघडलेले नाही, हे त्याला कुणी न सांगता समजले.

घरी जाताना त्याने कर्णधाराला फोन केला. "रविवारी तुझ्या घरी बसून खेळू का? तुझ्या लाइनवर."

"ये. पण चुकलास तर आता लाइनचं नाव काढायचं नाही."

"नाही काढणार."

रविवारी तो तिच्या घरी बसला. शत्रू समोर दिसला, त्याने बटण दाबले, आणि गोळी जिथे नेम धरला तिथेच लागली. दुसरीही लागली. कर्णधाराने शेजारून वाकून आधी पडदा आणि मग त्याचा हात पाहिला. "हात ठीक आहे की तुझा," ती म्हणाली. तिच्या तोंडून ही क्षमायाचनाच होती. बुरूज त्याच्याकडेच राहिला.

व्यापाऱ्याचेही सांगितले पाहिजे. त्याने अर्जाप्रमाणे माणूस धाडला. माणसाने शिष्याच्या घरी मोबाइल पुढे धरून वेग मोजला. काटा हिरव्या पट्ट्यात गेलेला पाहून तो चहा न घेता परतला, आणि जिना उतरायच्या आत संदेश आला : आपल्या तक्रारीचे समाधानकारक निवारण झाले आहे. गुरूंनी शिष्याकडून अर्ज पुन्हा लिहवून घेतला. त्यालाही दखल घेतल्याचे उत्तर आले. चित्ता अजून चौकात धावतो आहे.

मात्र दृष्टांत अगदीच वाया गेला, असे म्हणता येणार नाही. त्या दिवसापासून व्यापाऱ्याच्या घरी भात पानात पडण्यापूर्वी वरण हजर असते, आणि क्षणाचा उशीर झाला तर शेठजी आचाऱ्याची चांगलीच हजेरी घेतात, असे समजते. बोध माणसाला होतोच; तो कुठवर जाऊन थांबतो, एवढाच प्रश्न असतो.

शिष्य सध्या कर्णधाराच्या घरी जाऊन खेळतो. अर्ज प्रलंबित आहे.