आधी रत्ना, मग माणिक

जांभूळघेरच्या वाघजाईच्या मंडपात एक काळीशार तुळई आहे. तिला पितळी साखळ्यांचा पाळणा बारा महिने टांगलेला असतो, आणि गावातलं प्रत्येक बारसं तिथंच होतं. मात्र दुसऱ्या खेपेचं बारसं असलं, की बाळाआधी थोरलं भावंड पाळण्यात बसतं. कधी ते चांगलं सात-आठ वर्षांचं असतं, गुडघे पाळण्याबाहेर येतात, तोंड लाजेनं लाल होतं. तरी सुटका नाही. नवी सून ओटी भरायला आली, की गुरवांच्या आवडाकाकू तिला तुळईखाली बसवून घेतात आणि याचं कारण सांगतात.

फार पूर्वी, म्हणे, इथल्या पाटलांकडे गोजरा नावाची सून होती. बोलायला बेताची. तिला पहिली मुलगी झाली तेव्हा सासूनं, बयाबाईनं, नाव ठेवलं नकुसा. देवीला कळावं, की आता मुलगा धाड. गोजरानं मात्र लेकीला त्या नावानं कधी हाकही मारली नाही. 'ए बाय' म्हणायची. पाच वर्षांनी मुलगा झाला आणि बयाबाई गावभर सांगत सुटली, की हा त्या नावाचाच गुण.

आता ते नाव लेकीला जन्माचं चिकटणार, हे गोजरानं ओळखलं. उघड नाही म्हणायची सोय नव्हती. बारशाला बायका जमल्या, पाळणा सजला, तेव्हा पदर सारखा करत ती म्हणाली, "सासूबाई, मी नवस बोललेय. पोराचं नाव थोरलीच्या नावाला शोभंल, दोघांना एका दमात हाक मारता येईल, असंच ठेवीन. तवर त्याला पाळण्यात घालायची न्हाई."

"एवढंच ना," बयाबाई म्हणाली. "लावा कौल."

देवीच्या दोन्ही खांद्यांना ओली फुलं चिकटवायची. उजवं पडलं तर होकार. बाळाची आत्या हौसा नावं सुचवू लागली. नकुसा आणि यशवंत. बायका पदराआड हसल्या. नकुसा आणि राजाराम. फूल हललं नाही. नकुसा आणि भाग्यवंत म्हटल्यावर तर गुरवालाच खोकला आला. दुपार कलली, पंगतीचा भात गार झाला.

हौसा वैतागली. "त्या नावाला जोड एकच. नकोबा. ठेवा नकोबा, आन् बसा जेवायला."

"माझ्या नातवाला नकोबा?" बयाबाई म्हणाली.

"शोभतंय की," गोजरा शांतपणे म्हणाली. "देवीला इचारा."

ती बोलली खरी, पण धोका मोठा होता. कौल मिळाला असता तर लेकीचं सुटणं राहिलंच, लेकालाही तेच चिकटलं असतं. गुरवानं फूल लावलं. उजवं फूल कललं, घसरू लागलं. बयाबाईनं पुढं होऊन ते तळहातानं दाबून धरलं. कौल असा अडवल्याचं त्या गावात कुणी ऐकलं नव्हतं.

"ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "माझ्या नातवाला न्हाई सोसायचं असलं नाव."

म्हणताना तिची नजर खांबाला टेकून उभ्या असलेल्या नातीवर गेली. मग हात तसाच धरून म्हणाली, "हौसे, आधी थोरलीला घाल पाळण्यात. तिचं नाव रत्ना. मग ह्याचं माणिक. जमतंय का बघ."

हौसानं मुलीच्या कानात कुर्र केलं आणि मोठ्यानं हाक दिली, "रत्ना."

रत्ना कोण आली, म्हणून मुलीनं पाळण्यातून मागं वळून पाहिलं. बायका हसल्या, गोजराही हसली, आणि हसता हसता तिला रडू फुटलं. बयाबाईनं हात काढून घेतला. फूल उजवीकडूनच पडलं.

गोजरा नवस खरोखर बोलली होती की नव्हती, हे तिला कुणी विचारलं नाही. काकू म्हणतात, देवीनंही विचारलं नाही.

आजही जांभूळघेरात धाकट्याचं नाव ठरवायचं, तर आधी थोरल्याचं मोठ्यानं म्हणून बघतात. ते म्हणताना घरातल्या कुणाची मान खाली गेली, तर आधी तेच बदलतात. मग दोघांना मिळून एका दमात हाक मारतात, आणि पाळण्यात अवघडून बसलेलं थोरलं धाकट्याच्या वाटणीचंही 'ओ' देतं.